घरी काय सांगितलं?

भागवत सरांनी पटाशी खिडकीच्या उजेडात धरली, एक डोळा मिटून तिच्या धारेवरून नजर फिरवली आणि डाव्या मनगटावरचे चार केस तिने अलगद काढून टाकले. केस गेले, पण कातडीला खबर नाही. सरांनी पटाशी पुन्हा उजेडात धरली. आयुष्यभर पोरांना सुतारकाम शिकवलेला माणूस. त्याला एखादी गोष्ट दोनदा बघावीशी वाटली की शेडमधली बाकीची माणसं आपोआप गप्प व्हायची.

“छगनराव, ही धार कोणी लावली?”

छगनराव चहाची बशी तोंडाला लावून बसले होते. खरं तर त्यांनी ती पटाशी धार दाखवायला आणलीच नव्हती. हर्षलने या आठवड्यात परदेशी बनावटीचा पटाश्यांचा संच घेतला होता. त्याच्या शेजारी आपला देशी संच मांडावा आणि कोणाच्या मुठी जास्त देखण्या ते बघावं, एवढाच त्यांचा हेतू. दोन महिन्यांपूर्वी घेतलेला तो संच त्यांनी तीनदा उघडला होता, तीनदा तेलाचा बोळा फिरवून मिटला होता आणि लाकडाला म्हणाल तर एकदाही लावला नव्हता. दुकानातून आलेली पटाशी बोथटच असते, ती आधी दगडावर घासावी लागते, हे त्यांना ऐकून माहीत होतं. मग ही अशी न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखी कशी झाली?

हे सगळं तोंडाने बोलायला हवं होतं. पण सर बघत होते, हर्षल बघत होता, डॉक्टर धनश्री चष्मा कपाळावर सरकवून बघत होती, आणि चार वर्षांत या शेडमध्ये छगनरावांकडे असं कोणी बघितलं नव्हतं.

“मीच,” ते म्हणाले. “आणखी कोण लावणार?”

उचलली जीभ, लावली टाळ्याला!

प्रवरेच्या काठाला भागवत सरांचं घर, आणि घरामागे ही पत्र्याची शेड. दर रविवारी सकाळी नऊ वाजता इथे चौघं जमायची. सर स्वतः, पुण्याच्या कंपनीचं काम संगमनेरात घरबसल्या करणारा हर्षल, आठवडाभर लोकांचे दात काढून रविवारी लाकडी खेळणी करणारी धनश्री, आणि दूध संघाच्या कचेरीतून निवृत्त झालेले छगनराव. चौघांना नाद एकच, हत्यारांचा. आठवड्यात ज्याने काही नवीन घेतलं असेल त्याने ते फडक्यात गुंडाळून आणायचं, मधल्या टेबलावर ठेवायचं आणि बाकीच्यांच्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. काय घेतलं? कशासाठी घेतलं? घरी काय सांगितलं?

खरी गंमत तिसऱ्या प्रश्नाची. पहिल्या दोन्हींची उत्तरं कोणीही देईल. हर्षलने बायकोला, मोनिकाला, सांगून ठेवलं होतं की या वस्तू कंपनीकडून येतात, आणि ती बिचारी त्या कंपनीला दुवा द्यायची. धनश्रीच्या सासूबाईंची समजूत होती की ते सगळं दवाखान्याचं सामान आहे. सरांच्या घरी पार्सल त्यांच्या आधी बाईसाहेबांच्या हातात पडायचं, त्यामुळे त्यांना खोटं बोलायची सोयच नव्हती. आणि छगनरावांचं उत्तर ठरलेलं. “सूट होती म्हटलं.” करवत असो, रंधा असो, शिकंजा असो, जगात छगनरावांसाठी कायम सूट चालू असायची. त्यावर त्यांची बायको साळूबाई ती वस्तू हातात घेऊन जरा तोलून बघायची, “बरं” म्हणायची आणि चुलीकडे वळायची. एकदा फक्त म्हणाली होती, “मोठ्या करवतीनं काय हुतंय, बारीक दात्याची बघा.” छगनरावांनी लगोलग बारीक दात्याची घेतली. बायकोनं एवढं तरी लक्ष घातलं, याचाच त्यांना आनंद.

तर अशी छगनरावांकडे चार वर्षांत चौघांत सगळ्यात जास्त हत्यारं जमली होती. भिंतीला फळी, फळीला खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली नाव लिहिलेलं. फक्त त्यांच्यातून एक साधा पाटसुद्धा निपजला नव्हता. हर्षलने त्यांचं नाव ‘शोरूम’ ठेवलं होतं. छगनराव त्यावर सगळ्यांच्या आधी हसायचे, म्हणजे मग बाकीच्यांच्या हसण्याचं फारसं लागत नाही. पण लागायचंच. प्रत्येक रविवारी परत जाताना स्कूटरवर लागायचं.

आणि आज सर त्यांची पटाशी हातातून खाली ठेवत नव्हते.

धनश्रीने ती घेतली, बारकाईने बघितली.

“काका, तुम्ही डावरे आहात का?”

“का बरं?”

“धार एका अंगाला केसभर कललीय. डाव्या हाताचा दाब पडलाय. कॉलेजात आम्ही डावऱ्या मुलांची हत्यारं अशीच ओळखायचो.”

छगनरावांनी उजव्या हाताने कपाळावरचा घाम पुसला. पण आता माघार कशी घ्यायची?

“धार लावताना डावरा,” ते म्हणाले. “बाकी उजवा.”

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. तेवढ्यावर भागलं असतं. पण तिघांनीही माना डोलावल्या, जणू मोठ्या कारागिरांचं असं असतंच. मग सर उठले आणि भिंतीवरच्या कोपऱ्यातल्या खुंटीवरून एक पटाशी काढून आणली. शिसवी मुठीची, काळीभोर, मुठीवर पितळी कडं. ती सरांच्या उस्तादांची. तिला हात लावायची शेडमध्ये कोणाची छाती नव्हती, तिच्याखालून जाताना हर्षलसुद्धा जरा वाकून जायचा.

“हात कापतो माझा आता,” सर म्हणाले. “चार वर्षं झाली, हिला मनासारखी धार लागत नाही. दुसऱ्याकडे द्यायला मन होत नव्हतं. रविवारी आणा सावकाश.”

त्यांनी ती फडक्यात गुंडाळून छगनरावांच्या मांडीवर ठेवली. पाठोपाठ हर्षलने आपल्या नव्या तीन दिल्या, धनश्रीने बारक्या दोन. आणि निघताना हर्षल त्यांना “छगनकाका” म्हणाला, शोरूम नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं खरं, पण ते छगनकाका ऐकायला इतकं गोड लागलं की सहा पटाश्यांचं ओझं त्यांना पुलापर्यंत जाणवलंच नाही.

पुलावर मात्र जाणवलं. कारण डावरं कोण, हे कळायला काही पंचांग उघडावं लागत नव्हतं. साळूबाई जेवायची उजव्या हाताने, कारण लहानपणी पुणतांब्याला आईने डाव्या हातावर पळी मारमारून तेवढं वळण लावलं होतं. बाकी भाकरी थापणं, झाडणं, खुरपणं, सगळं डाव्या हाताने. छत्तीस वर्षं ते बघत आले होते.

घरी पोचले तेव्हा ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. छगनरावांनी तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. तिने विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाले आणि पिशवी घेऊन आत गेले. विचारायचं कसं? विचारलं तर आपण तिथे काय बोलून आलो तेही सांगावं लागेल. शिवाय आपल्या इतक्या जपलेल्या हत्यारांना आपल्या मागे कोणी हात लावतं, याचा थोडा रागही होता. रागाखाली काय होतं ते त्यांनी उपसून बघितलं नाही.

त्यांनी ठरवलं, आपणच शिकायचं. धार लावणं म्हणजे काय, दगडावर लोखंड घासणं. सोमवारी त्यांनी मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले, दगड ओला केला आणि सुरुवात, काय बुद्धी झाली देव जाणे, उस्तादांच्या पटाशीपासून केली. अर्ध्या तासाने बघतात तो धार गेली ती गेलीच, वर एक कोपरा गोल झालेला. ती पटाशी घेऊन सरांसमोर उभं राहायचं, या कल्पनेनेच त्यांना जेवण गेलं नाही. आता साळूबाईशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि साळूबाईला विचारायचीही सोय नव्हती.

मग त्यांना एक युक्ती सुचली. ती माझ्या मागे माझ्या पटाश्यांना धार लावते ना? मग या सहाही समोर ठेवून आपण बाहेर पडायचं, की झालं. मंगळवारी त्यांनी पटाश्या टेबलावर ओळीने मांडल्या, तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले की बाजारात जाऊन येतो, तीन तास तरी लागतील, चार लागले तरी घाबरू नकोस. आणि घाटावर जाऊन शेंगा खात बसले. भर दुपारी नदीकडे बघत शेंगा खाणारा म्हातारा बघून दोघांनी त्यांना विचारलं, घरी सगळं ठीक ना? चार तासांनी परत येऊन बघतात, तर पटाश्या जशाच्या तशा.

बुधवारी पुन्हा तेच. आज त्यांनी पारख करायला उस्तादांच्या पटाशीवर आगपेटीची एक काडी आडवी ठेवली होती. परत आले तर काडीही जागच्या जागी. शेंगा खाऊन पोट बिघडलं ते वेगळंच.

मात्र त्या दोन दिवसांत छगनरावांना घरात नको नको ते दिसायला लागलं. मागचं दार. हे दार वर्षानुवर्षं उंबऱ्याला घासून अडकायचं, खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. आता बोटाने ढकललं तरी उघडत होतं. कधीपासून? आपण बिजागरीला तेल घातलं त्याचा हा गुण, असं ते पाव्हण्यारावळ्यांना सांगत आले होते. त्यांनी वाकून दाराची खालची कड चाचपली. गुळगुळीत. कोणीतरी ती तासून काढली होती. मग जेवायला बसायचा पाट. पूर्वी डुगडुगायचा, आता नाही. मग धान्याच्या कोठीचं झाकण. छगनराव घरभर ओणवे होऊन लाकडं चाचपत फिरत होते, आणि साळूबाई दारातून बघून म्हणाली, “काय हरवलं का?”

गुरुवारी दुपारी त्यांनी हत्यार टाकलं. ती मागच्या अंगणात मेथी निवडत होती. ते समोरच्या पायरीवर बसले.

“अगं, त्या पटाश्या दिसल्या का तुला?”

“दिसल्या की. मंगळवारपास्नं टेबलावर हायेत.”

“मग?”

“मग काय? दुसऱ्याच्या हत्याराला इचारल्याबिगर हात लावू न्हाई.”

“माझ्या हत्यारांना लावतीस की.”

साळूबाईने मेथीची काडी मोडली, पानं टोपलीत टाकली.

“तुमी दुसरे हाय का?”

छगनरावांनी मग सगळं सांगून टाकलं. सरांनी कसे केस उडवले, आपण “मीच” कसं म्हणालो, डावरं-उजवं कसं केलं, घाटावर शेंगा कशा खाल्ल्या. शेंगांपर्यंत आल्यावर साळूबाईला हसू आवरेना. मेथी बाजूला ठेवून ती पदराने डोळे पुसू लागली. छत्तीस वर्षांत आपण हिला एवढं कधी हसवलं होतं, हे छगनरावांना आठवेना. मग ती आत जाऊन उस्तादांची पटाशी घेऊन आली, उजेडात धरली आणि तिचं हसू थांबलं.

“ह्यो कोपरा कुणी घालवला?”

“मीच,” छगनराव म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

तिने न्हाणीमागून आपला निसणा आणला. निसणा म्हणजे धार लावायचा दगड, तिच्या वडलांचा, पुणतांब्याहून सासरी आलेला, मधे झिजून पोटात खोलगट आणि काठाला सपाट. छगनरावांनी तो शेकडो वेळा बघितला होता आणि विळी घासायचा दगड म्हणून सोडून दिला होता. साळूबाईने मांडी घातली, काठाच्या सपाट अंगावर पटाशी टेकवली आणि त्यांना तांब्या घेऊन पाणी सोडायला बसवलं. बारीक धार सोडा म्हणाली, न्हाणं घालू नका.

ती घासत होती आणि घासता घासता बोलत होती. गव्हाच्या सुगीला माहेरी वीस-वीस माणसं कापणीला असायची आणि त्यांचे विळे पहाटे धारेला हिच्याकडे यायचे. मी दहा वर्षांची व्हते, म्हणाली. डाव्या हाताला सगळी हसायची, पण इळा माझ्याच हातचा मागायची. छगनराव ऐकत होते. दगडाचा आवाज आधी खरखरीत होता, मग हळूहळू बारीक होत गेला. साळूबाई पटाशीकडे बघतच नव्हती, कान देऊन घासत होती. मधेच थांबून अंगठा आडवा फिरवायची आणि पुन्हा सुरू. गोल झालेला कोपरा सरळ व्हायला शुक्रवारची संध्याकाळ झाली. शनिवारी बाकीच्या पाच झाल्या.

सगळ्या पुसून तेल लावून तिने त्यांच्या हातात दिल्या.

“धार लावून दिली,” ती म्हणाली. “नाव कुणाचं सांगायचं ते तुमचं तुमी बघा.”

रविवारी सकाळी छगनरावांनी पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली, स्कूटर चालू केली. सरांचा चेहरा त्यांना दिसत होता. हर्षलचं छगनकाका ऐकू येत होतं. आज नुसतं गप्प बसायचं होतं, खोटंही बोलायला नको, ते गेल्या रविवारीच बोलून झालं होतं. साळूबाई फाटकाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ना हो ना नाही.

छगनरावांनी स्कूटर बंद केली.

“चल,” ते म्हणाले.

“मी कशाला तिथं?”

“चल म्हणतो ना. धार तुझी हाय, मी काय तोंड घेऊन दाखवू?”

ती आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा नेसण बदललेलं होतं आणि हातात कापडी पिशवी होती. शेडमधल्या मंडळींसाठी काही खाऊ घेतला असेल असं छगनरावांना वाटलं.

शेडमध्ये सगळे वाटच बघत होते. साळूबाईला बघून सर उठून उभे राहिले, “या वहिनी” म्हणाले, धनश्रीने खुर्ची पुढे केली. छगनरावांनी आधी उस्तादांची पटाशी सरांच्या हातात दिली. सरांनी ती उजेडात धरली, केसांच्या वाटेला गेलेच नाहीत. सागाचा एक तुकडा घेऊन त्याच्या आडव्या तोंडावर नुसती टेकवून सरकवली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकती निघाली आणि खाली लाकूड चकाकलं. सरांच्या हाताचा कंप तिला कळलासुद्धा नव्हता. सर त्या चकतीकडे बघत राहिले. त्यांचा आवाज जरा ओला झाला.

“उस्ताद होते तेव्हा अशी होती ही. छगनराव, काय म्हणू तुम्हाला.”

हीच ती वेळ.

“मला काही म्हणू नका सर. मागच्या रविवारी मी खोटं बोललो. मला धार लावता येत नाही. तुमच्या पटाशीचा कोपरा मी घालवला होता, तो हिनं परत आणला. माझी पटाशीसुद्धा हिचीच.”

छगनरावांना वाटलं, आता शोरूमसुद्धा म्हणणार नाहीत, त्याच्याही खाली काहीतरी. पण सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून नुसता दाबला, आणि साळूबाईला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तिने गडबडीने पदर सावरला. धनश्री हसत होती. ती म्हणाली, मला तेव्हाच शंका आली होती, काकांनी बशी उजव्या हातात धरली होती आणि घामही उजव्याच हाताने पुसला.

चहा झाला. सर म्हणाले, वहिनी आता आपल्यातल्या झाल्या, म्हणजे नियम त्यांनाही लागू. नवीन घेतलेलं काही असेल तर टेबलावर ठेवायचं. छगनराव घाईने म्हणाले, अहो, ती कुठलं काय घेणार, हत्यारं सगळी माझीच. तोवर साळूबाईने कापडी पिशवीतून जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली एक वस्तू काढून मधल्या टेबलावर ठेवली. अगदी रिवाजाप्रमाणे. हा रिवाज तिला कोणी सांगितला? छगनरावांनीच, दर रविवारी जेवताना.

“काय घेतलं?” सरांनी विचारलं.

“रंधा,” साळूबाई म्हणाली आणि चिंधी सोडली.

हातभरही नाही, जेमतेम वीतभर रंधा. बाभळीचा, हाताच्या घामाने काळपट गुळगुळीत झालेला, आणि डाव्या हाताचा अंगठा ठेवून ठेवून पडलेली खळी. पुणतांब्याच्या बाजारात एक म्हातारा सुतार धंदा मोडून हत्यारं विकत होता, ती म्हणाली, त्याच्याकडनं घेतला. हर्षलने तो उचलून बघितला आणि दाखवायला आणलेला आपला परदेशी रंधा हळूच टेबलाखाली सरकवला.

“कशासाठी घेतला?” धनश्रीने विचारलं.

“दारं आडकायची. पाट डुगडुगायचे. ह्यांना सांगितलं की म्हणायचे, पावसाळा सरला की बसंल आपोआप. बसायचं कुठलं! मग बसवलं मीच.”

सगळे हसले. छगनरावही हसले, पण आज सगळ्यांच्या आधी नाही. हर्षल म्हणाला, म्हणजे शोरूम काकांचं होतं, कारखाना काकूंचा होता. मग त्याने विचारलं, काकू, घेतला कधी?

“आमच्या लेकीच्या, आरतीच्या, लग्नाच्या आदल्या साली. अकरा वर्षं झाली.”

छगनरावांनी आपलं पहिलं हत्यार घेतलं त्याला चार वर्षं झाली होती. ते हिशोब करीत बसले नाहीत, तो आपोआप झाला. निवृत्त झाल्यावर घरात नुसते येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्याला, “कसला तरी नाद लावून घ्या, लाकडाचं सामान घेत जा,” असं कोण म्हणालं होतं तेही आठवलं. बारीक दात्याची करवत आठवली. मूठ तोलून म्हटलेलं प्रत्येक “बरं” आठवलं.

आता तिसरा प्रश्न उरला होता. तो विचारायची पाळी हर्षलची. हर्षलने भागवत सरांकडे बघितलं, सरांनी फडक्याने आधीच स्वच्छ असलेली पटाशी पुसायला घेतली. धनश्रीने कप गोळा केले. तो प्रश्न टेबलावर रंध्याशेजारी तसाच पडून राहिला.

शेवटी छगनरावांनीच विचारलं.

“घरी काय सांगितलं?”

साळूबाईने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं ती म्हणाली, “घरी कुणी इचारलंच न्हाई.”

बाहेर सरांच्या अंगणात कोणीतरी पाण्याची मोटार चालू केली.

मग सरांनी सागाची एक फळी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, वहिनी, आमच्यात नुसतं दाखवून भागत नाही, चालवूनही दाखवावं लागतं. असा काही नियम नव्हता, पण कोणी हरकत घेतली नाही. साळूबाईने पदर खोचला. टेबल तिला उंच पडत होतं, तेव्हा हर्षलने पायाखाली घ्यायला खोकं आणून दिलं, आणि फळी हलू नये म्हणून पलीकडचं टोक धरायला पुढे झाला.

“ऱ्हाऊ द्या तुमी,” ती म्हणाली, आणि छगनरावांकडे वळली. “अहो, धरा जरा हिकडून.”

छगनराव उठले. त्यांनी फळीचं टोक दोन्ही हातांनी धरलं. रंधा डाव्या हाताने त्यांच्या दिशेने सरकत आला आणि लाकडाची एक लांबच लांब सालपटी गुंडाळत त्यांच्या मनगटावर येऊन पडली. ताज्या सागाचा वास सुटला. त्यांनी मान खाली घालून, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, “आणखी काय काय केलंस गं घरात?”

“सांगते,” ती म्हणाली. “आधी नीट धरा. हलतंय.”

छगनरावांनी फळी नीट धरली.